वीस मिनिटांचं वांगं, चार मिनिटांची कोळंबी

पहिल्या वेळी आम्ही कोळंबी वांग्यासारखी भाजली आणि वाया घालवली. मे महिन्याची संध्याकाळ होती. मुंबईहून आलेल्या मेहुण्याने बर्फाच्या डब्यातून किलोभर कोळंबी आणली होती. घरात गॅस पेटवायची कुणाची इच्छा नव्हती, म्हणून खळ्यात चार विटा मांडल्या, काड्या पेटवल्या, सळयांना कोळंबी टोचली आणि सवयीने वीस मिनिटं मनसोक्त भाजली. ताटात आली ती मिरची लावलेली चपलेची वादी. मेहुणा सभ्य माणूस. त्याने दोन खाल्ल्या आणि पाणी मागितलं.

असोद्याच्या माणसाकडून हे होणारच. जळगावहून भुसावळच्या अंगाला निघालं की शहर मागे पडतं न पडतं तोच हे गाव येतं. बाहेरच्यांना ते दोन गोष्टींमुळे ठाऊक असतं. १८८० साली बहिणाबाई चौधरी इथे जन्मल्या, ही पहिली. दुसरी म्हणजे भरीत. थंडी पडली की पांढऱ्या रेघांची, हिरवीगार, कमी बियांची मोठाली वांगी येतात. जळगावच्या या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, केळीलाही त्याच वर्षी. मळ्यात कपाशीच्या नाहीतर तुरीच्या काड्यांचा ढीग पेटवायचा, वांगी त्यात लोटायची, साल काळीठिक्कर होईपर्यंत परतायची. मग सोलून लाकडी बडगीत ठेचायची, वर हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, सोबत कळण्याची भाकरी. आगीपुढे उभं राहायचं शिक्षण गावातल्या पोराला असं दहाव्या वर्षीच मिळतं. या शिक्षणाचा पहिला धडा असा की घाई करू नको, वांगं जितकं जास्त भाजेल तितकं मऊ होईल.

कोळंबीला हा धडा उलटा लागू होतो. का, ते समजून घेतलं की उन्हाळ्यातलं झटपट जेवण म्हणून सळईवरच्या मासळीइतकी सोपी गोष्ट दुसरी नाही.

वांगं ही वनस्पती. तिच्या प्रत्येक पेशीला भिंत असते आणि या भिंती एकमेकींना पेक्टिन नावाच्या पदार्थाने चिकटलेल्या असतात. पेरूची जेली घट्ट होते ती याच पेक्टिनमुळे. तापमान साधारण ८५ अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की पेक्टिन विरघळू लागतं, भिंती सुटतात आणि गर लोण्यासारखा होतो. वांग्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असतं. ते पाणी आहे तोवर आतलं तापमान शंभराच्या पुढे जात नाही, त्यामुळे सालीचा कोळसा झाला तरी आतला गर जळत नाही, नुसता वाफेवर शिजत राहतो. वीस मिनिटांच्या जागी पंचवीस झाली तरी बिघडत नाही. वांग्याइतकं क्षमाशील खाणं विरळाच.

कोळंबी म्हणजे स्नायू. स्नायूत प्रथिनांचे लांब तंतू असतात. पन्नास अंशांच्या आसपास त्यातलं मायोसिन गोठू लागतं. अंड्याचा पांढरा भाग जसा पारदर्शकाचा पांढरा होतो तसं मांस पांढरं आणि घट्ट होतं. इथपर्यंत सगळं छान. पासष्ट-सत्तरच्या पुढे ॲक्टिन नावाचं दुसरं प्रथिन आवळू लागतं आणि कपडा पिळावा तसं तंतूंमधलं पाणी बाहेर निघतं. त्यानंतरचं प्रत्येक मिनिट कोळंबीला वातड करत नेतं. म्हणजे एकाच विस्तवावर वांगं मऊ होत जातं आणि कोळंबी कडक होत जाते.

मग मटण कसं तासभर शिजवल्यावर मऊ होतं, असं कुणी विचारेल. बोकडाला आयुष्यभर आपलं वजन पायांवर पेलायचं असतं, त्यासाठी त्याच्या स्नायूंभोवती कोलॅजनच्या चिवट पट्ट्या असतात. मटण आधी कडक होतं, मग तासाभराने त्या पट्ट्यांचं जिलेटिन होतं आणि ते पुन्हा सैल पडतं. मासळीला पाणीच तोलून धरतं. तिच्यात कोलॅजन फार थोडं, आणि जे असतं तेही मटणाच्या मानाने बऱ्याच कमी तापमानाला वितळतं. त्यामुळे एकदा कडक झालेला मासा किंवा कोळंबी पुढे कितीही शिजवली तरी मटणासारखी मऊ पडत नाही. अपवाद माकुलचा. तिच्या अंगात कोलॅजन भरपूर, म्हणून माकुल एकतर दोन मिनिटांत उतरवायची नाहीतर चाळीस मिनिटं रटरटू द्यायची. मधल्या वेळेत ती रबर असते.

खाण्यासाठी सुरक्षित म्हणून मासळीच्या गाभ्याचं तापमान ६३ अंशांवर जावं असं सांगतात. पासष्ट-सत्तरला पाणी पिळलं जायला सुरुवात होते. म्हणजे आपल्या हातात जेमतेम दोन ते सात अंशांची फट आहे. वांग्याच्या आगीत पाच अंश कुणी मोजले असतील असं वाटत नाही.

आता वेळ. उष्णता पदार्थात कडेकडून आत झिरपते आणि या झिरपण्याचा एक साधा नियम आहे: जाडी दुप्पट झाली की वेळ दुप्पट लागत नाही, चौपट लागतो. भरिताचं वांगं आठ-दहा सेंटिमीटर जाड, सोललेली कोळंबी दीड-दोन सेंटिमीटर. वांग्याचा गर हवेने पोकळ आणि कोळंबीचं मांस घट्ट, त्यामुळे गणित काटेकोर जुळत नाही, पण अंदाज बरोबर येतो. कोळंबीला एका बाजूने दोन मिनिटं, दुसऱ्या बाजूने दीड ते दोन. सुरमईच्या अडीच सेंटिमीटरच्या तुकड्याला सात-आठ. शिवाय विस्तवावरून उतरवल्यावरही बाहेरची उष्णता आत जातच राहते, म्हणून ‘आता झालंच’ असं वाटण्याच्या जरा आधी सळई उचलायची. हे मनाला पटवणं सगळ्यात अवघड जातं.

कोळंबी झाली हे ओळखायची एक खूण पाककृतींतून नेहमी सांगतात: चंद्रकोरीसारखी वळली की झाली, गोल वेटोळं झालं की जास्त झाली. कढईत हे खरं. पण सळईवर लांबीने टोचलेली कोळंबी वळणार कुठे? तिथे रंगाकडे बघायचं. कच्च्या कोळंबीत लाल रंग आधीपासून असतोच. ॲस्टाझँथिन हे त्याचं नाव. मात्र तो एका प्रथिनाच्या मिठीत असा आवळलेला असतो की करडा-निळसर दिसतो. उष्णतेने प्रथिनाची मिठी सुटते आणि केशरी-लाल उघडा पडतो. उजनीच्या पाण्यावर आणि ठाण्याच्या खाडीत उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांचा गुलाबी रंगही याच कुळातल्या रंगद्रव्यांचा, खाण्यातून पिसांत आलेला. तर बाहेरून केशरी, आणि सर्वांत जाड भागात, म्हणजे डोक्याकडच्या टोकाला, मांस काचेसारखं न दिसता दुधासारखं दिसलं की उतरवावी.

वांगं आणि कोळंबी यांचं एक नातं मात्र मला फार आवडतं. चिरलेलं वांगं काळं पडतं ते पॉलिफेनॉल ऑक्सिडेज नावाच्या विकरामुळे. जुन्या कोळंबीच्या डोक्याशी आणि पायांशी काळे डाग येतात, तेही त्याच जातीच्या विकराचं काम. वांगं बटाट्याच्या कुळातलं, कोळंबी खेकड्याच्या कुळातली, पण काळं पडायची रीत एकच. म्हणून वांग्याच्या फोडी मिठाच्या पाण्यात टाकतात आणि कोळंबी जाळ्यातून निघाल्याबरोबर बर्फात घालतात. उष्णतेने हे विकर मरतं. जोरकस जाळावर झटक्यात भाजलेलं वांगं पांढरट-हिरवं राहतं आणि मंद आचेवर रेंगाळलेलं काळपट होतं, त्यामागे हेही एक कारण. कोळंबीवरचे डाग दिसले म्हणजे ती सडलीच असं नव्हे, पण तिला बर्फ वेळेवर मिळाला नव्हता एवढं नक्की समजावं.

बर्फाचा मुद्दा आमच्याकडे वेगळ्याच वजनाचा आहे. समुद्र इथून लांब. मुंबई रेल्वेने सव्वाचारशे किलोमीटर, आणि मे महिन्यात दुपारचा पारा पंचेचाळिशीला टेकलेला. आमच्या आजोबांच्या पिढीने समुद्र ओळखला तो आठवडे बाजारात गोणपाटावर मांडलेल्या सुकट-बोंबलांतून. ओला बोंबील म्हणजे जवळजवळ पाणीच, तो कोकण किनाऱ्यावर उन्हात वाळला की इतका हलका होतो की महिनोन्‌महिने टिकतो आणि डोंगर ओलांडून खान्देशात येतो. तो चुलीतल्या निखाऱ्यावर टाकायचा, कुरकुरीत झाला की राख झटकून कांदा-मिरचीसोबत खायचा. सागरी मासळी विस्तवावर भाजायची खान्देशातली खरी जुनी रीत ही. त्याला सळई लागत नव्हती, चिमटाही लागत नव्हता, बोटं पुरत. अर्थात गावात माळकरी घरं पुष्कळ. त्यांच्या ओट्यावरून हा वास गेला की दारं लोटली जात, आणि अजून लोटली जातात.

ताजी मासळी मात्र नदीची. तापी सातपुड्यात मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटर धावून सुरतेजवळ समुद्राला मिळते. तिच्यावर भुसावळजवळ हतनूर धरण आहे, दक्षिणेकडून गिरणा आणि वाघूर येतात. काठचे भोई आणि कोळी या पाण्यांतून राहू, कटला, मृगळ, वाम, शिंगाडा, मरळ आणि बोटभर झिंगे काढतात. सळईचा विचार केला की यांत लगेच निवड करावी लागते. राहू, कटला, मृगळ चवीला उत्तम, पण त्यांच्या मांसात इंग्रजी वाय अक्षरासारखे दुहेरी टोकाचे बारीक काटे विखुरलेले असतात. रश्शात ते सावकाश वेचता येतात. अंधारात खळ्यात बसून, हातात सळई धरून, गप्पा मारत खाताना ते घशात जातात. मरळ आणि शिंगाडा यांच्या मांसात हे काटे नसतात, म्हणून सळईला तेच बरे. मरळीचा आणखी एक गुण: ती हवेतूनही श्वास घेते. त्यामुळे बाजारात टबात थोड्या पाण्यात जिवंत मिळते, आणि पंचेचाळीस अंशांच्या दिवसात जिवंत मासा हा सर्वांत भरवशाचा फ्रीज असतो.

हल्ली जळगावच्या बाजारात बर्फातली जी कोळंबी दिसते ती बहुधा वनामी. तिचं मूळ लॅटिन अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याचं. भारतात तिच्या शेतीला २००९ साली परवानगी मिळाली आणि पाहता पाहता आंध्र प्रदेशच्या तळ्यांतून ती देशभर पसरली. तळ्यातली असल्यामुळे पावसाळ्यातही मिळते. समुद्रातली मासळी हवी असेल तर मे संपायच्या आत बघावं, कारण महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. बाजारातून घरी आणतानाचा एक नियम पाळावा. बत्तीस अंशांपुढच्या उकाड्यात मासळी बर्फाशिवाय तासाभरापेक्षा जास्त ठेवायची नाही. आमच्याकडे मेमध्ये रात्री नऊलाही हवा बत्तीसच्या वर असते, तेव्हा हा नियम रात्रीही लागू.

समुद्राच्या आणि नदीच्या मासळीचा वास वेगळा आणि त्याची कारणंही वेगळी, गंमत म्हणजे उपाय एक. समुद्राच्या खारट पाण्यात तग धरण्यासाठी तिथले मासे अंगात एक द्रव्य साठवतात. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमिथाइल अमाइन करतात, तोच तो ‘मासळीचा वास’. नदीच्या माशात हे द्रव्य फारसं नसतं, त्याला येतो तो चिखलाचा वास. तो जिओस्मिन नावाच्या पदार्थाचा असतो. पाण्यातले आणि मातीतले सूक्ष्मजीव तो तयार करतात, आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडला की जमिनीतून जो सुगंध उठतो त्यातही मुख्य वाटा याचाच. नाव १९६५ सालचं, ग्रीक ‘पृथ्वी’ आणि ‘गंध’ यांपासून बनवलेलं. पाण्याच्या एक लाख कोटी भागांत पाचेक भाग जिओस्मिन असलं तरी माणसाच्या नाकाला कळतं. त्याच वासासाठी आपण खिडकी उघडतो आणि तोच ताटातल्या राहूला आला की नाक मुरडतो. लिंबू, चिंच, आमसूल यांतलं आम्ल ट्रायमिथाइल अमाइनला बांधून ठेवतं आणि जिओस्मिनचं विघटनही करतं. तापीकाठी माशाला चिंच आणि कोकणात आमसूल लावतात ते उगीच नव्हे.

मात्र आम्लाला वेळेचं बंधन हवं. आम्लही प्रथिनं गोठवतं. पेरू देशात कच्चा मासा नुसत्या लिंबाच्या रसात ‘शिजवून’ खातात, त्याला सेविचे म्हणतात. आपण कोळंबीला दुपारी लिंबू चोळून रात्रीपर्यंत ठेवली, तर ती विस्तवावर जाण्याआधीच अर्धी शिजलेली आणि पिठूळ झालेली असते. चिकनची सवय इथे आड येते. कोळंबीला मीठ-मसाला अर्धा तास, लिंबू शेवटच्या दहा मिनिटांत, एवढं पुरे.

आता विस्तव. कपाशीच्या काड्या बारीक, कोरड्या. भडकन पेटतात, उंच ज्वाळा देतात आणि पटकन विझतात. वांग्याला हेच हवं असतं, ज्वाळेने चहूबाजूंनी कवेत घ्यावं. साल जळते, धूर सालीवर बसतो, साल फेकली की तिच्याबरोबर काजळीही जाते. सोललेली कोळंबी उघडी असते. ज्वाळेतली काजळी तिच्यावर बसते आणि आपण ती खातो. कपाशीवर हंगामात किती फवारे मारले जातात हे आमच्या तालुक्यातल्या माणसाला सांगायला नको. साल फेकून द्यायची असेल तिथे ठीक, पण उघड्या मांसाखाली त्या काड्या जाळणं मला पटत नाही. तसंही गुलाबी बोंडअळी काड्यांच्या ढिगात दडून पुढच्या हंगामाची वाट बघते, म्हणून मेपर्यंत हे ढीग रचून ठेवू नका असं कृषी खातं दरवर्षी सांगतं.

सळईसाठी लोणारी कोळसा घ्यावा, बाभळीचा मिळाला तर उत्तम. कोळशातलं पाणी आणि धूर देणारे पदार्थ भट्टीतच निघून गेलेले असतात, त्यामुळे तो ज्वाळेशिवाय धगधगतो. त्याची उष्णता हवेतून कमी आणि किरणांनी जास्त येते, उन्हासारखी. किरणांची ताकद तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. म्हणून निखाऱ्याला विंझणाने वारा घातला की तो थोडासाच जास्त लाल दिसतो, पण सळईवरच्या कोळंबीला एकदम चटका बसू लागतो. लालभडक कोळशावर पांढऱ्या राखेची साय आली की विस्तव तयार. जाळीच्या उंचीवर तळहात धरावा: दोन-तीन सेकंदांत मागे घ्यावासा वाटला तर कोळंबीला योग्य, चार-पाच सेकंद धरवला तर माशाच्या जाड तुकड्याला योग्य. इथे जोरदार आच हवी याचं कारण असं की भाजल्याचा तो खमंग वास आणि तपकिरी रंग पृष्ठभाग एकशेवीस-तीस अंशांच्या पुढे गेल्याशिवाय नीट येत नाही, आणि पृष्ठभाग ओला असेल तोवर तो शंभरावरच अडकतो. चार मिनिटांत वरून खमंग आणि आतून रसाळ हवं, तर कोळंबी फडक्याने कोरडी टिपून घ्यावी आणि विस्तव कडक ठेवावा. ओली कोळंबी मंद निखाऱ्यावर ठेवली तर ती भाजत नाही, उकडते.

लहान तुकडे टोचून विस्तवावर धरायची युक्ती माणसाला जागोजागी सुचली, त्यामागे बहुधा सरपणाची काटकसर आहे. मोठा तुकडा भाजायला तासभर लाकूड जाळावं लागतं, तोच बारीक चिरून टोचला तर ओंजळभर निखाऱ्यात भागतं. तुर्कांचा शिश, इंडोनेशियाचं साते, जपानची याकितोरी, सगळ्यांचा हिशोब हाच. आपल्याकडेही ही आयात नाही. संस्कृतात शुळावर भाजलेल्या मांसाला ‘शूल्य’ असा स्वतंत्र शब्द आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने लिहवलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मसाला लावून, टोचून, निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाची कृती आहे, तिला तिथे ‘भडित्रक’ म्हटलंय. त्याच ग्रंथात मासेमारीवर एक वेगळं प्रकरण आहे आणि समुद्राचे मासे, नदीचे मासे अशी त्यांची वर्गवारीही.

सोमेश्वराच्या स्वयंपाक्याकडे सगळं होतं, फक्त मिरची नव्हती. ती चारशे वर्षांनंतर पोर्तुगीजांच्या जहाजांतून अमेरिकेहून आली, आणि आज तिच्याशिवाय खान्देशाची कल्पना करवत नाही. नंदुरबारच्या बाहेर हिवाळ्यात मिरचीच्या पथारींवर लाल गालिचा अंथरलेला दिसतो, दोंडाईच्याची मिरचीही एके काळी नावाजलेली. मिरचीचा तिखटपणा म्हणजे कॅप्सेसिन, आणि तो खरं तर चव नाहीच. आपल्या मज्जातंतूंवर उष्णता ओळखणारा एक दरवाजा असतो, तो साधारण त्रेचाळीस अंशांना उघडतो आणि मेंदूला ‘भाजलं’ असा निरोप देतो. कॅप्सेसिन तोच दरवाजा थंडपणी उघडतं. हा दरवाजा डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली शोधला, त्याबद्दल त्यांना २०२१ सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्रेचाळीस अंश ही आमच्याकडे मे महिन्याची नेहमीची दुपार. इतक्या उन्हात आम्ही वर ठेचा का खातो, याला घामाचं उत्तर आहे. मिरचीने कपाळावर घाम फुटतो आणि खान्देशाच्या कोरड्या हवेत तो लगेच उडून जाऊन थोडा गारवा देतो. मुंबईच्या दमट हवेत मेहुण्याला मात्र नुसताच घाम मिळतो.

कॅप्सेसिन तेलात विरघळतं, पाण्यात नाही. त्यामुळे तिखट लागल्यावर पाणी पिणं म्हणजे ते तोंडभर पसरवणं. कोकणाने सोलकढीत नारळाचं दूध घातलं, त्यातली चरबी तिखट ओढून घेते. ताकातलं केसिनही हे काम करतं, पण मासे आणि ताक एकत्र नको असं मानणारी घरं बरीच. बंगाली लोक दह्यातला मासा पिढ्यान्‌पिढ्या खातात, तरी माझ्या घरी हा मुद्दा मी काढत नाही. तेलात विरघळण्याचा दुसरा उपयोग सळईवर होतो. कोरडं तिखट मांसाला चोपडून निखाऱ्यावर धरलं की ते आधी जळतं, कडू होतं आणि सगळं खळं खोकू लागतं. तेच शेंगदाण्याच्या तेलात कालवून लावलं तर तेलाचा थर त्याला जळण्यापासून वाचवतो आणि तिखटपणा मांसभर सारखा पसरवतो.

तर आमची सध्याची कृती अशी. अर्धा किलो मध्यम कोळंबी सोलून, पाठीतला काळा दोरा काढून, शेपटी ठेवून, धुऊन कोरडी टिपायची. पाच-सहा सुक्या लाल मिरच्या गरम पाण्यात भिजवून आठ-दहा लसूण पाकळ्या आणि बोटभर आल्यासोबत वाटायच्या. त्यात चमचाभर मीठ, पाव चमचा हळद, चमचाभर घरचा काळा मसाला आणि दोन मोठे चमचे तेल. हे लावून डबा बर्फावर किंवा फ्रीजमध्ये अर्धा तास. तोवर कोळसा पेटतो. पेटवायला रॉकेल नको, त्याचा वास मसाल्यालाही दाबतो. सुकं खोबरं फोडल्यावर उरलेल्या करवंट्या उत्तम पेटतात. बांबूच्या काड्या वापरणार असाल तर त्या अर्धा तास पाण्यात भिजवा, नाहीतर कोळंबीच्या आधी त्याच भाजून निघतात. एका सळईवर कोळंबी गरागरा फिरते आणि परतली तरी तीच बाजू खाली येते. समांतर दोन सळयांवर टोचली, शिडीसारखी, तर मुकाट उलटते. एवढ्याशा गोष्टीसाठी आम्ही दोन उन्हाळे घालवले.

कांद्याच्या आणि ढोबळी मिरचीच्या फोडी मध्ये मध्ये टोचायचा मोह होतो, चित्रांत तसंच दाखवतात. तसं करू नये. कांदा वांग्याच्या बाजूचा आहे, त्याला वेळ लागतो. त्याची सळई वेगळी ठेवा आणि आधी चढवा. चार मिनिटांनी कोळंबी उतरवली की वर लिंबू, आणि मग भरितावरचाच सरंजाम: ठेचलेली हिरवी मिरची, भाजके शेंगदाणे, पात, कोथिंबीर. ज्यांना कोळंबी-खेकड्यांचं वावडं आहे त्यांनी मात्र दूरच राहावं. वावडं आणणारं प्रथिन विस्तवालाही दाद देत नाही, त्यांच्यासाठी मरळीची सळई आधीच, वेगळ्या जाळीवर भाजून ठेवावी.

राहूच आणला गेला असेल तर सळईचा हट्ट सोडावा. रावेर-यावलच्या केळीच्या मुलखात पानांना तोटा नाही. पान विस्तवावर हलकं शेकलं की लवचीक होतं. मसाला आणि चिंच लावलेला राहूचा जाड तुकडा त्यात गुंडाळून निखाऱ्याच्या कडेला ठेवायचा. पान इथे वांग्याच्या सालीचं काम करतं, स्वतः जळतं आणि आत वाफ कोंडून धरतं. पंधरा मिनिटांनी पान उघडा. काटे असतातच, पण हे जेवण ताटात घेऊन, दिव्याखाली बसून करायचं, म्हणजे वेचता येतात.

अर्धा किलो कोळंबीला जेवढा विस्तव लागतो त्याहून दुप्पट नेहमी पेटवला जातो, हे काही अजून सुटलेलं नाही. जेवणं उरकून पुरुषमंडळी गच्चीवर अंथरुणं टाकायला गेली, की आई सुपातून चार कांदे आणि खोबऱ्याची वाटी घेऊन खळ्यात येते. कांदे सालासकट राखेत पुरते, खोबरं चिमट्यात धरून निखाऱ्यावर फिरवते. काळ्या मसाल्याचं वाटण उद्या सकाळी लागणार असतं. कांद्याला किती वेळ लागेल ते ती विचारत नाही, मोजतही नाही.